वजाबाकी

2011 च्या पावसात माझी मुलगी झाली. पेडण्याला माहेरी बाळंतपण आटोपून मी डिचोलीला सासरी परतले, तोवर हिशेब मांडून तयार होता. माझा पगार इतका; त्यातून मूल सांभाळणाऱ्या बाईचे इतके, डब्याच्या दुधाचे इतके, बसभाडं इतकं. ‘मग हातात उरतं काय? त्यापेक्षा घरीच राहा.’ सगळे मायेनंच सांगत होते आणि मलाही पटलं. ही सगळी वजाबाकी माझ्याच पगारातून का, नवऱ्याच्या कमाईतून एक पैसाही का नाही, हे तेव्हा मलासुद्धा सुचलं नाही. कायद्याची 12 आठवड्यांची पगारी रजा संपली आणि औद्योगिक वसाहतीतलं पॅकिंगचं काम मी सोडलं.

नवऱ्याचा ट्रक खाणीवरून जेटीवर खनिज नेई. जितक्या फेऱ्या तितके पैसे. रस्त्यालगतच्या घरांत दोरीवरचे लंगोटही लाल होत. पण त्या धुळीवरच घर चालायचं, म्हणून कुणी फार बोलत नसे. सप्टेंबर 2012 मध्ये गोवा सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रक फणसाखाली उभा राहिला तो उभाच. चाकांभोवती गवत वाढलं. बँकेचा हप्ता तेवढा चालत राहिला.

त्याच सुमारास गृह आधार योजना आली, महिन्याला 1000 रुपये. अर्जावर ‘गृहिणी’ असं लिहिताना क्षणभर बरं वाटलं. घरकामाला सरकारदरबारी निदान एक आकडा तरी लागला! मग हप्त्याची तारीख आठवली.

मी परत कामाला गेले. तेच टेबल, त्याच बाटल्या, पण आता कंत्राटावर आणि आधीपेक्षा कमी पगारावर. मधलं वर्ष जणू मी झोपून काढलं होतं. आता मात्र कुणी वजाबाकी मांडली नाही, कारण घरात येणारा तेवढाच पैसा होता. सांभाळणाऱ्या बाईचाही प्रश्न उरला नाही. सासूबाईंनी कुळागरातली आपली रोजंदारी सोडली आणि नातीला कडेवर घेतलं. एका बाईची कमाई परत यावी म्हणून दुसरीची गेली, आणि ती कुठल्याच कागदावर आली नाही.

पाळणाघरं असली की सगळं सुटतं, असं मला वाटायचं. पण ती मुबलक असलेल्या डेन्मार्कमध्येही पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत सुमारे 20 टक्के मागे पडते आणि मागेच राहते, असं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं. वडिलांच्या कमाईची रेघ जवळजवळ हलतच नाही. वाचून मला आमचा फणसाखालचा ट्रकच आठवला. आमच्याकडे ती रेघ हलायला खाणी बंद पडाव्या लागल्या!

2017 साली रजा 26 आठवडे झाली. 50 कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, असंही ठरलं. आमच्या शेडमध्ये आम्ही चौतीस.

गेल्या वर्षी भावजयीला मुलगा झाला. ती मोपाच्या विमानतळावर कामाला. रजा संपत आली तसा भाऊ पडवीत बसून मोबाइलवर आकडे मांडायला लागला: तिचा पगार, वजा बाई, वजा दूध. मी मोबाइल काढून घेतला आणि बाईचे अर्धे पैसे त्याच्या पगारातून वजा केले. तो हसला. मग आकडा पाहिला आणि हसायचा थांबला.

‘बाई कशाला हवी? मी आहे ना,’ आई आतून म्हणाली.

आई दर शुक्रवारी मिरच्या घेऊन म्हापशाच्या बाजारात बसते. मी लहान होते तेव्हा मलाही पाटीशेजारी गोणपाटावर झोपवायची. उन्हात, धुळीत, त्यात काही फार गोड नव्हतं. पण तो पैसा तिचा होता, पदराच्या गाठीतला.

‘आणि तुझा शुक्रवार?’ मी विचारलं.

आई काही बोलली नाही. सुपातल्या मिरच्यांची देठं काढत राहिली.