दोन वाद्ये, एक मेंदू



"डॉक्टर, बाबा चालत असताना त्यांना काही विचारलं की ते जागीच थांबतात. असं का होतं?" कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न नेहमी विचारतात. पुस्तकातले उत्तर मला माहीत होते, पण त्याचा अर्थ नीट उमगला तो एका रॉक गाण्यामुळे. वयाच्या ५२ व्या वर्षी मी गिटार आणि माऊथ ऑर्गन एकत्र वाजवायला शिकलो. तुम्हालाही ते जमू शकते, म्हणून आधी शिकण्याविषयी सांगतो आणि मग त्या प्रश्नाकडे वळतो.

गाणे कोणते?

कॅनडाचे गायक नील यंग यांचे 'हार्ट ऑफ गोल्ड'. हे गाणे १९७२ साली 'हार्वेस्ट' या अल्बममध्ये आले आणि त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. यंग यांना लहानपणी, १९५१ साली, पोलिओ झाला होता. हे गाणे केले त्या सुमारास मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना पाठीला पट्टा बांधावा लागत असे. जड इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभे राहणे कठीण, म्हणून ते बसून साधी अकूस्टिक गिटार वाजवत. हाताला गिटार, आणि गळ्यात अडकवलेल्या होल्डरमध्ये तोंडासमोर माऊथ ऑर्गन. 'शोले'मधला जय संध्याकाळी वाजवतो, तेच हे वाद्य.

सुरुवात करणाऱ्यासाठी गाणे सोपे आहे. गिटारवर मुख्यतः चार कॉर्ड लागतात: ई मायनर, सी, डी आणि जी. माऊथ ऑर्गन दहा छिद्रांचा, जी पट्टीचा घ्यायचा. त्यात फुंकले की काही सूर वाजतात आणि श्वास आत ओढला की दुसरे.

मग अडते कुठे?

एकटी गिटार जमते. एकटा माऊथ ऑर्गनही जमतो. दोन्ही एकत्र घेतले की उजवा हात श्वासाच्या मागे धावू लागतो. मी फुंकलो की हात खाली येई आणि लांब सूर धरला की हात थांबून जाई.

याचे कारण असे. नवीन काम आपण जाणीवपूर्वक, लक्ष देऊन करतो. लक्ष देण्याची मेंदूची क्षमता मर्यादित असते. लक्ष मागणारी दोन कामे एकाच वेळी समोर आली की मेंदू त्यांच्यात येरझाऱ्या घालतो आणि दोन्ही बिघडतात. सरावाने मात्र एखादी हालचाल सवयीची होते. मेंदूच्या आत खोलवर असलेले बेसल गँग्लिया आणि मागच्या बाजूचा लहान मेंदू तिचा बराच भार उचलतात आणि लक्ष मोकळे होते. म्हणून दोन कामे एकत्र जमवायची, तर आधी त्यातले एक सवयीचे व्हावे लागते.

मी वापरलेल्या पायऱ्या

१. आधी फक्त गिटार. चार कॉर्ड इतक्या घोटा, की वाजवता वाजवता घरच्यांशी भाजी काय करायची यावर बोलता आले पाहिजे. बोलताना हात थांबला, तर अजून तयारी झालेली नाही असे समजा.
२. मग फक्त माऊथ ऑर्गन, होल्डरमध्ये लावूनच. छिद्रे दिसत नाहीत, ती ओठांना सापडली पाहिजेत.
३. मग दोन्ही, पण मेट्रोनोम ५० वर ठेवून, अगदी सावकाश. पहिले काही दिवस गिटारवर एकच कॉर्ड.
४. रोज १५ ते २० मिनिटे पुरतात, मात्र त्यानंतर झोप पुरेशी हवी. शिकलेली हालचाल पक्की व्हायला झोपेची मदत होते.

मला सुमारे चार महिने लागले.

आता त्या प्रश्नाकडे

माझ्या वडिलांनाही कंपवात आहे. या आजारात डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि बेसल गँग्लियांचे काम बिघडते. त्यामुळे आयुष्यभर आपोआप होणारे चालणे पुन्हा लक्ष देऊन करावे लागते. पाऊल उचलणे, वळणे, तोल सांभाळणे, सगळे ठरवून. माझी पहिल्या आठवड्यात गिटारवर जी अवस्था होती, ती त्यांची रोज स्वयंपाकघरापर्यंत जाताना असते. अशा वेळी आपण मागून "बाबा, औषध घेतलंत का?" असे विचारले, की त्यांच्यासमोर दुसरे वाद्य येते. ते थांबले तर ठीक, कारण थांबणे सुरक्षित आहे. उत्तर देता देता चालत राहिले, तर तोल जाऊ शकतो. याला हट्टीपणा किंवा विसराळूपणा समजू नका.

आमच्या घरी आता नियम आहे: बाबा बसले की बोलायचे. हातात कप देऊन त्यांना चालायला लावायचे नाही.

मेट्रोनोमचा इथेही उपयोग होतो. ठेक्यावर पाऊल टाकल्याने कंपवाताच्या अनेक रुग्णांचे चालणे सुधारते, कारण आतून येणारी लय कमी पडते तिथे बाहेरची लय आधार देते. मात्र ठेक्याचा वेग फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या आणि सुरुवातीला सोबत कुणीतरी असू द्या.

शिकणाऱ्यांनी घ्यायची काळजी

• चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर थांबा. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून असे होते.
• मान पुढे काढू नका, होल्डर तोंडाजवळ आणा.
• माऊथ ऑर्गन दुसऱ्याला वापरायला देऊ नका.
• बोटांची टोके सुरुवातीला दुखतात, ते चालते. मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिले तर मात्र डॉक्टरांना दाखवा.
• दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असेल, नुकतेच डोळ्याचे किंवा पोटाचे ऑपरेशन झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. माऊथ ऑर्गन वाजवला म्हणून इनहेलर बंद करायचा नाही.

तुमच्या घरी कंपवाताचा रुग्ण असेल, तर आज एवढेच करा: ते उठून चालू लागले की त्यांना खुर्चीपर्यंत पोहोचू द्या, आणि मग बोला.