दुसरा गोल

गोव्याने केरळला 2-0 असं हरवून संतोष ट्रॉफी जिंकली तेव्हा मी फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये होतो. साल 1990. त्यातला दुसरा गोल मी पाहिलेला नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत तर मधल्या सुट्टीत मी दोन्ही गोल करून दाखवले होते. आमच्या वर्गातला दुसरा कुणी पत्रादेवीचा नाका ओलांडून मॅच बघायला गेलेला नसल्यामुळे माझं म्हणणं खोडायला कुणी नव्हतंच.

मालवण तसं क्रिकेटचं आणि कबड्डीचं गाव. फुटबॉल आमच्याकडे पावसाबरोबर यायचा. बोर्डिंग ग्राउंडवरची क्रिकेटची जागा पाण्याखाली गेली की चार वाड्यांतली पोरं चिखलात एका जड, पाणी प्यालेल्या चेंडूमागे धावायची. पाऊस संपला की तोच खेळ चिवल्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीला, वाळू ओली आणि टणक असेपर्यंत. गोलपोस्ट म्हणजे चार चपला. भरती चढली की मॅच संपली, मग कोण जिंकतंय त्याला काही अर्थ नसे. चपला तेवढ्या उचलायच्या.

उभं राहून बघण्याची सवय मात्र आम्हाला खेळापेक्षा जत्रेने लावली. दहिकाल्याच्या दशावतारी नाटकाला पुढे गोणपाटावर बायकापोरं आणि मागे पुरुष उभे, पहाटेपर्यंत. झोप आली की पुढच्याच्या खांद्यावर कपाळ टेकायचं. तो हलायचा नाही. त्यालाही माहीत असायचं, घटकाभराने त्याला मागच्याचा खांदा लागणार आहे. अनोळखी माणसाच्या अंगाला अंग लावून उभं राहण्यात आम्हाला कधी काही वाटलं नाही, आणि मामाला तर नाहीच नाही.

मामा वास्कोला बार्जवर खलाशी होता. आतल्या धक्क्यांवरून लोखंडाचं खनिज भरायचं, नदीतून खाली आणायचं आणि मुरगावला मोठ्या जहाजांना द्यायचं. मालवण-वेंगुर्ल्याकडची कितीतरी माणसं तेव्हा या कामात होती. पावसात बार्जी थांबल्या की तो घरी यायचा, आणि महिनाभर तरी त्याच्या नखांच्या कडांतला तांबडा रंग जायचा नाही. आजी म्हणायची, हा कायम मेंदी लावून आल्यासारखा येतो. गोव्यातले मोठे क्लब याच खनिजाच्या पैशावर उभे राहिलेले. धेंपो, साळगावकर ही नावं आधी खाणींची, मग जर्सींची. मामाची गंमत अशी, की तो एका खाणवाल्याच्या बार्जवर काम करायचा आणि ओरडायचा दुसऱ्याच्या क्लबसाठी. मुकादमाला हे कळू नये म्हणून रविवारी मॅचला जाताना तो डोक्याला पंचा गुंडाळून जायचा. निदान सांगायचा तरी तसं.

गोव्याचा गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर, हे नाव मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं. 1983 साली कोलकात्यात गोव्याने बंगालशी बरोबरी करून संतोष ट्रॉफी वाटून घेतली, आणि पुढच्याच वर्षी मद्रासला पंजाबला हरवून एकट्याने जिंकली, हे त्याने मला रामायणासारखं सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो तिथे नव्हता. रेडिओला कान लावून बार्जवर बसला होता. त्यामुळे नव्वद साली स्पर्धा मडगावातच, फातोर्ड्याला आहे म्हटल्यावर त्याने आईला निरोप धाडला, पोराला पाठव. परीक्षेचं काय, असं आईने विचारलं. परीक्षा दरवर्षी येते, असं उलट उत्तर आलं.

एसटीने सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा आणि मग बेती. मांडवीचा पूल 5 जुलै 1986 ला कोसळला होता आणि नवा अजून झाला नव्हता. त्यामुळे बेतीला उतरून फेरीने पणजी. लोखंडी फळीवर मोटारसायकली, टोपल्या घेतलेल्या मासेवाल्या आणि कॉलेजची पोरं दाटीवाटीने उभी. फेरीत बसायला जागा नसे, मामा म्हणाला हीच प्रॅक्टिस समज.

इंग्लंडात अशा उभं राहण्याच्या पायऱ्यांना टेरेस म्हणतात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे गच्ची आली, पापड वाळत घातलेली. फातोर्ड्याला सिमेंटच्या रुंद पायऱ्या होत्या. स्टेडियम नवं कोरं, 1989 सालचं. पायऱ्या तशा बसण्यासाठीच. लोक येताना वर्तमानपत्र आणायचे, कारण उन्हाने सिमेंट तापलेलं असायचं आणि पँटीतून चटका बसायचा. पण खेळ सुरू झाला, पुढचा एक उठला, म्हणून मागचा उठला, म्हणून त्याच्या मागचा. मग पाठीमागची अख्खी बाजू उभी राहिली ती शेवटपर्यंत. वर्तमानपत्रांचा पायाखाली लगदा झाला.

मी पंधरा वर्षांचा, वयाच्या मानाने बुटका. दोन डोक्यांच्या मधून मला मैदानाची एक फाक दिसत होती. मामा माझ्या मागे, एक पायरी वर. त्याने डाव्या हाताने माझ्या शर्टाची कॉलर मागून मुठीत धरली होती, कारण गर्दी पुढे झुकली की पायरीवरचं माणूस आपोआप दोन पायऱ्या खाली जायचं.

“दिसता काय रे?”

“अर्धा दिसता.”

“बस झाला. ह्या अंगाचा तू बघ, त्या अंगाचा मी बघतंय. मगे सांगूया एकमेकांक.”

असं आम्ही बघितलं. बॉल माझ्या फाकेतून गेला की मी ओरडून सांगायचो, आणि मग वरून मामाचं सुरू व्हायचं: गेलो, गेलो, अडवल्यान, परत इलो. आजूबाजूला सगळं कोंकणीत चाललं होतं. माझ्या डाव्या हाताला एक म्हातारे गृहस्थ होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात क्रूस, रविवारच्या प्रार्थनेला निघाल्यासारखे. ते दर दोन मिनिटांनी आपल्याच खेळाडूंना इतक्या निवडक शिव्या देत होते, की मालवणी माणसाने वही काढून उतरून घ्याव्यात. चूक झाली की शिवी, आणि लगेच क्रूसाला हात. एकाने कागदाच्या पुडीतले शेंगदाणे न विचारता माझ्या तळहातावर ओतले. घाम, बिडी, खोबरेल तेल आणि तापलेल्या सिमेंटचा वास. घाम कुणाचा, हे सांगता येत नव्हतं. माझा शर्ट माझ्या घामाने भिजला नव्हता एवढं नक्की.

पहिला गोल मी पाहिला. म्हणजे जाळी हलली ती पाहिली. मग ती पायऱ्यांची उतरंड अशी काही खाली कोसळली, की माझे पाय जमिनीला लागेनात. बार्जच्या बाजूने लाट उचलते तसं उचललं गेलो. कॉलर मुठीत राहिली, वरचं बटण तुटलं, आणि परत पायरीवर आलो तेव्हा उजवी चप्पल पायात नव्हती.

आता आईने जत्रेतून आणलेली ती चप्पल. मी बराच वेळ कळ काढली. पण खेळ रेंगाळला तसा मी खाली वाकलो. खाली वेगळाच मुलूख होता. पायांचं जंगल, धोतरं, बेलबॉटम, अनवाणी टाचा, शेंगदाण्याची टरफलं, चेपलेली बिडीची थोटकं आणि ओल्या कागदावर कुठल्या तरी मंत्र्याचा फोटो. आवाज वरून यायचा, पाण्याखाली असल्यासारखा. आणि मग अचानक एक क्षण काहीच आवाज नाही. माझ्या समोरच्या सगळ्या टाचा एकाच वेळी उचलल्या गेल्या. अनवाणी टाच, बुटाची टाच, सगळ्या चवड्यांवर. पुढच्या क्षणी छप्पर असतं तर उडालं असतं.

मामाने मला कॉलरीला धरून वर उचललं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बघलंस?”

“बघलंय,” मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मडगावात त्याने मला नवी चपलांची जोडी घेऊन दिली. उरलेली डावी मी स्टेडियमच्या पायरीवरच ठेवून आलो होतो. परतीच्या फेरीत अनोळखी माणसं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गात होती आणि मासेवाल्या त्यांना शिव्या घालत हसत होत्या.

त्याच सुमारास इंग्लंडात या उभ्या पायऱ्यांवर पडदा पडत होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर कुंपण घातलेल्या टेरेसवर चेंगरून लिव्हरपूलचे पाठीराखे मेले. आकडा शेवटी 97 वर गेला. 1990 च्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांना खुर्च्या सक्तीच्या करायला सांगितल्या. लिव्हरपूलच्या ‘कॉप’ या बाजूला लोक शेवटचे उभे राहिले 30 एप्रिल 1994 ला. कोलकात्याने हे आधीच भोगलं होतं: 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचमध्ये 16 जण गेले. हे वाचलं तेव्हा मला माझे अधांतरी झालेले पाय आठवले. त्या दिवशी मला त्यात मजा वाटली होती. मामाची मूठ सुटली असती तर काय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता, पण मूठ आवळणाऱ्याला तो नक्की पडलेला असणार. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. जर्मनीत आजही डॉर्टमुंडची दक्षिण बाजू हजारोंनी उभी राहते, नीट कठडे आणि मोजकी तिकिटं ठेवून. म्हणजे जमतं. मनावर घेतलं तर जमतं.

आमच्याकडे पायऱ्या गेल्या त्या वेगळ्या कारणांनी. 2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, बार्जी किनाऱ्याला लागून गंजत राहिल्या. मामा तोवर निवृत्त होऊन गावी आला होता, पण रोज बातम्या बघायचा, आपलंच घर लिलावात निघाल्यासारखा. 2014 च्या लुसोफोनिया खेळांसाठी फातोर्डा नव्याने बांधून काढलं, वर छप्पर आलं, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. त्याच वर्षी सुपर लीग आली, एफसी गोवा आला. 2016 मध्ये साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. ती बातमी मी मामाला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, “मगे आता बोंबलाचा कोणासाठी?”

एकदा मी एकटा जाऊन आलो. तिकिटावर खुर्चीचा नंबर. टाळ्या कधी वाजवायच्या ते स्पीकरवरून सांगणारा एक उत्साही तरुण. मैदान इतकं स्वच्छ, पूर्ण, एका नजरेत दिसत होतं, की मला शेजारच्याला विचारण्यासारखं काही उरलंच नाही. त्यालाही मला सांगण्यासारखं काही नव्हतं, तो फोनवर तीच मॅच बघत होता. गोव्याचा हल्ला चढला तसा मी उठून उभा राहिलो. मागून आवाज आला, “काका, बसा ना.” बरोबरच होतं त्याचं. मी बसलो.

मामाच्या शेवटच्या वर्षांत त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि बोलण्यात नव्वद साल. मी गेलो की तो त्या मॅचवर यायचा. मी धीर करून एकदा विचारलं, “मामा, दुसरो गोल कसो झालो रे?” त्याने सांगितला, हात हवेत फिरवून, अंथरुणातल्या अंथरुणात अंग वळवून. डोक्याने मारलेला. पुढच्या खेपेला विचारलं तर तो लांबून मारलेला निघाला, गोलकीपरच्या हातांतून निसटून आत गेलेला. तिसऱ्यांदा म्हणाला, “तू होतंस मां थंय? तूच सांग.” आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की मला वाटलं याला तेव्हापासूनच माहीत आहे. माझ्या अर्ध्या मैदानाचा मी हिशेब द्यायचा होता, आणि मी खाली चप्पल शोधत होतो.

मामा गेल्या आषाढात गेला. बोटं स्वच्छ होती, नखांच्या कडा पांढऱ्या.

गोल कुणी मारला ते जुन्या वर्तमानपत्रात मिळेल. मला नाव नको आहे. त्या एका क्षणाला, सगळं स्टेडियम गप्प झालं आणि टाचा उचलल्या गेल्या तेव्हा वर काय चाललं होतं, तेवढं हवं आहे. त्या दिवशी फातोर्ड्याला पायरीवर उभे होतात असे कुणी बांद्यात, सातार्ड्यात, म्हापशात, मडगावात अजून असाल, आणि तुमच्या बाजूने तो दिसला असेल, तर कसा झाला ते मला सांगा. त्याआधी काय झालं होतं ते मी सांगेन, शेंगदाण्यांसकट.