बसतो म्हणून चालतो असं नाही

शिरूरच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे. त्यातले ६व्ही६चे दोन्ही व्हॉल्व्ह दमले, आणि सप्ताह तोंडावर. दौंडच्या मेकॅनिककाकांकडे ६एल६ची जोडी होती. सॉकेट तेच, पिनांची जोडणी तीच, हीटरला ६.३ व्होल्टही तेच. मग लावून टाकायचे ना?

काका म्हणाले, “अरे, बसतो म्हणून चालतो असं नसतं. करंट बघ.”

मी डेटाशीट उघडली. व्हॉल्व्ह तापवणारा हीटर ६व्ही६मध्ये ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६मध्ये ०.९. थेट दुप्पट! आमच्या कामातही असंच असतं: नवी लायब्ररी जुन्या जागी बसते, टेस्ट पास होतात, आणि कण्हतो तो सर्व्हर. इथे तापणार ट्रान्सफॉर्मर. तो आजोबांनी स्वतःच्या हातांनी गुंडाळलाय. व्हॉल्व्ह कुठून तरी मिळतील, ते वाइंडिंग पुन्हा मिळणार नाही.

यंदाचा हरिपाठ भाड्याच्या स्पीकरवर झाला. भजनी मंडळी थोडी कुरकुरली. ६व्ही६ची जोडी शोधणं चालू आहे.