कोट्टयमच्या कुर्बान्याची टिपणं

चपला दाराबाहेर. आत बाक फारसे नाहीत; जे आहेत ते भिंतीकडेला, म्हाताऱ्या माणसांसाठी. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, सगळे उभे. मैत्रिणीने आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, "ताई, रात्री नीट जेवा. सकाळी कुर्बाना होईपर्यंत आमच्यात काही खात नाहीत." ती पुण्यात नर्स होती, मराठी उत्तम बोलते. कुर्बाना म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना. मी प्रभुभोजन घेणार नव्हते, तरी उपाशीच गेले. उपाशी माणसांच्या रांगेत भरल्या पोटी उभं राहावंसं वाटेना.

*

हे चर्च, चेरियपळ्ळी, १५७९ चं. वेदीच्या आतल्या भिंतींवर नैसर्गिक रंगांतली जुनी चित्रं आहेत. मंडळी मलंकारा ऑर्थोडॉक्स. प्रेषित थोमा इसवी सन ५२ मध्ये या किनाऱ्यावर उतरला, ही इथली परंपरा. घराघरांत ती आजोबांची गोष्ट सांगावी तशी सांगतात. उपासनेचं आजचं रूप मात्र बरंच अलीकडचं आहे. पोर्तुगीजांच्या दडपणाला कंटाळून १६५३ मध्ये मट्टनचेरीला इथल्या ख्रिस्ती लोकांनी क्रूसासमोर शपथ घेतली की आता जेझुइटांचा अधिकार मानायचा नाही. १६६५ मध्ये यरुशलेमहून मार ग्रेगोरिओस आले आणि पुढे हळूहळू अंत्युखियाची, पश्चिम सीरियन उपासना रुजली. आमच्या मंडळीचा इतिहास अमेरिकन मराठी मिशनपासून, म्हणजे १८१३ पासून, सांगायची आम्हाला सवय. इथे उभं राहिल्यावर ती तारीख फार जवळची वाटते.

*

मैत्रिणीची आई, अम्मची, जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या चट्टा-मुंडूत. मुंडूला मागे पंख्यासारख्या निऱ्या. एवढ्या बारीक आणि सारख्या, की सकाळी किती वेळ लागला असेल! पुढच्या पिढीत हा वेश कोणी नेसत नाही.

*

सगळं गायलं जातं. अच्चनांची, म्हणजे धर्मगुरूंची, पाठ लोकांकडे. तेही सगळ्यांसारखे पूर्वेकडे तोंड करून उभे. उपदेश झाला, पण थोडक्यात. नगरला आमची उपासना उपदेशाभोवती फिरते; पाळकसाहेब आज चांगले बोलले की नाहीत, यावर घरी जाताना चर्चा. इथे ती चर्चा संभवतच नाही.

मल्याळम मला येत नाही. मधूनमधून सुरियानी शब्द, मधूनमधून ग्रीक. ‘कुरियेलायसोन’ लवकरच तोंडात बसलं. सेवक मध्येच ‘स्तोमेन कालोस’ अशी हाक देतो, म्हणजे नीट उभे राहा. तास उलटून गेल्यावर पाय दुखत असताना ही हाक ऐकली की पाठ आपोआप ताठ होते. आम्ही प्रार्थनेला डोळे मिटतो आणि शरीर विसरतो. इथे शरीरालाच कामाला लावलंय.

*

वेदीसमोर पडदा. तो बंद होतो, उघडतो. उघडला की धुपाचा लोट बाहेर येतो आणि काठाला घुंगरं लावलेली धातूची चकती खुळखुळते. एक क्षण विशेष पाहिला: भाकरीवर पवित्र आत्मा उतरावा म्हणून प्रार्थना करताना अच्चनांचे हात तिच्यावर पाखराच्या पंखांसारखे फडफडले. रविवारच्या शाळेत पवित्र आत्म्याबद्दल जे पाठ केलं होतं, ते असं कोणी हातांनी करून दाखवलं नव्हतं.

*

शांती. हे सविस्तर लिहायला हवं.

अच्चन शांती वेदीपासून घेऊन सेवकाला देतात, सेवक खाली येऊन पुढच्या रांगेतल्या माणसाला, आणि तिथून ती एकेकाच्या हातून मागे मागे येते. घेणाऱ्याने जोडलेले हात जरा सैल करायचे. देणाऱ्याने ते आपल्या दोन तळव्यांमध्ये घेऊन बोटांच्या टोकांपर्यंत आपले हात सरकवायचे. मग आपले हात आपल्या तोंडाशी न्यायचे. मला ती अम्मचीकडून मिळाली. कोरडे, खरखरीत हात, पकड घट्ट. तू कोण, बाप्तिस्मा कुठे झाला, हा प्रश्न नाही. माझ्या मागे एक शाळकरी मुलगी हात पुढे करून थांबली होती. मी दिली नसती तर तिला मिळाली नसती.

आमच्याकडेही शांती देतात, पण आम्ही एकदम सगळेच इकडे तिकडे वळून हस्तांदोलन करतो. त्यात मी माझी शांती देते. इथे मिळालेली पुढे देते. मला हे अधिक खरं वाटलं.

*

ताट आणि प्याला बाहेर आला तेव्हा मी जागेवरच राहिले. ऑर्थोडॉक्स नसलेल्याला प्रभुभोजन नाही; त्यांच्यातल्यांनाही आधी पापकबुली हवी. आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला जन्मली तीच वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन. दुसऱ्या मंडळीतला बाप्तिस्मा घेतलेला पाहुणा आमच्याकडे सहज पुढे येतो. मला वाईट वाटलं. एकाच वेदीवरून आलेली शांती माझ्या हातात चालते आणि भाकर चालत नाही.

मैत्रिणीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "ताई, आमच्या मते कुर्बाना ही एक झाल्याची खूण आहे. एक व्हायच्या आधीच खूण कशी द्यायची?"

उत्तर प्रामाणिक आहे, आणि त्यांनी कोणासाठी तरी म्हणून ते बदलावं असं मी म्हणणार नाही. पण माझं मत वेगळं आहे: एकत्र जेवल्यानेच माणसं एक होतात. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या येशूभक्तांना एकत्र आणायला. त्यांची भजनं म्हणत वाढलेल्या बाईला मेजाभोवतीचं कुंपण खुपणारच.

*

हे कुंपण ओलांडलेला एक माणूस आपल्या शेजारचाच. गोव्याचे पाद्री आल्वारिस. जन्म १८३६, कॅथलिक धर्मगुरू. स्वतःच्या चर्चशी बिनसलं आणि १८८९ मध्ये इथे कोट्टयमलाच ऑर्थोडॉक्स बिशप झाले, आल्वारिस मार यूलियोस या नावाने. गोव्यात परतून गरिबांत राहिले, पटकीच्या उपचारांवर पुस्तिका लिहिली. १९२३ मध्ये वारले. त्यांच्या अस्थी पणजीजवळ रायबंदरच्या सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. हे मला अम्मचीच्या घरी पुट्टू आणि कडला खाताना कळलं. भिंतीवरच्या बिशपांच्या तसबिरींत त्यांचीही होती. डिसेंबरात गोव्याला जाणं आहे. तिथल्या रविवारच्या कुर्बान्यालाही उभी राहीन.