फुप्फुसांची कैफियत

शरीरातील अवयवांमध्येही नशीबवान आणि कमनशिबी असे भेद आहेत. हृदयाला कवींनी डोक्यावर घेतले, डोळ्यांना कमळांची उपमा दिली, हातापायांची वर्णने करताना शब्द अपुरे पडले. पण फुप्फुसांवर प्रेम करणारा कवी अद्याप माझ्या वाचनात आला नाही. सुश्रुतसंहितेत त्यांचे नाव येते, परंतु काव्यात त्यांना थारा नाही. बाजारातील खाटीक त्यांना 'फोपसे' म्हणतो, आणि एखादा माणूस अंगाने नुसताच फुगलेला असला की त्याला 'फोपशा' म्हणून आपण त्या बिचाऱ्या अवयवाची आणखी नालस्ती करतो. अशा या उपेक्षित जोडीची बाजू मांडण्याचे मी आज योजिले आहे.

फुप्फुसांची पहिली ओळख आमच्या नसरापुरात पुस्तकातून होत नाही. ती राजगडाच्या चढावर होते. बनेश्वराच्या गर्द झाडीत, शिवगंगेच्या काठी नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या देवळाच्या सावलीत माणूस कितीही वेळ बसला, तरी आपण श्वास घेतो आहो हे त्याच्या गावीही नसते. तोच माणूस वेल्ह्याच्या वाटेने जाऊन राजगड चढू लागला, की पहिल्याच टप्प्यावर त्याची छाती भात्यासारखी हलू लागते. मात्र ही उपमा अर्धीच खरी. भाता हलविणारा लोहार निराळा असतो, तसेच येथेही आहे. स्वतः फुगावे असा स्नायू फुप्फुसांत नाही. त्यांच्याखाली श्वासपटल नावाचा घुमटाकार पडदा आहे. तो खाली ओढला जातो, बरगड्या वर उचलल्या जातात, पोकळी वाढते आणि बाहेरची हवा आपण होऊन आत शिरते.

ही हवा ज्या वाटेने जाते ती श्वासनलिका सुमारे ११ सेंटिमीटर लांब असते. म्हणजे वीतभरही नव्हे. पुढे तिला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा अधिक रुंद आणि अधिक सरळ असतो. म्हणूनच मुलाने चुकून शेंगदाणा गिळताना तो श्वासाच्या वाटेला गेला, तर बहुधा उजव्या बाजूस अडकतो. उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोनच. डाव्याने आपला एक कोपरा हृदयासाठी कोरून दिला आहे. ज्या हृदयाचे एवढे पोवाडे गायिले जातात, ते असे शेजाऱ्याच्या जागेत राहते, ही गोष्ट कवींनी ध्यानात ठेवावी!

फाट्याला फाटे फुटत सुमारे २३ वेळा ही विभागणी होते आणि शेवटी द्राक्षांच्या घोसासारखे वायुकोश लागतात. त्यांची संख्या तीस कोटींहून अधिक. बेडकाच्या फुप्फुसांत हे कोश आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या मालपीगी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६१ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. माणसाचे सारे वायुकोश उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. पुण्यात एवढ्या जागेत एक सबंध कुटुंब राहते! हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याची जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. या पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. योगशास्त्राने दिवसाचे श्वास २१,६०० मोजले आहेत. मिनिटाला १५ धरले तर हिशेब तंतोतंत जुळतो. दर श्वासाला अर्धा लिटर हवा, म्हणजे दिवसाकाठी दहा हजार लिटरांवर हवा आपण या नाजूक पडद्यापाशी नेऊन सोडतो. ती कसली आहे हे मात्र क्वचितच पाहतो.

या अवयवाचा विचार करताना मला आनंदीबाई जोशी हटकून आठवतात. १८८३ साली समुद्र ओलांडून त्या अमेरिकेस गेल्या, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. जी शरीररचना त्यांनी परक्या भाषेत अभ्यासिली, तिच्यातलाच हा अवयव त्यांच्यावर उलटला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ सालीच दाखवून दिला होता. पण त्यावरील पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. कारण ठाऊक होते, उपाय नव्हता. अशा मृत्यूपुढे आपण निमूटपणे मान खाली घालतो.

पण माझ्या आत्याचे काय? तिच्या बाबतीत सारे उलटे होते. तिला जंतूची बाधा नव्हती. चाळीस वर्षे तिने नसरापूरच्या घरात चूल पेटविली. पावसाळ्यात लाकडे ओली असत. मग हातभर लांबीची लोखंडी फुंकणी तोंडाला लावून ती छाती रिकामी होईतो फुंकर घाली आणि पुन्हा श्वास घ्यायचा तो त्याच धुरात घेई. घरातल्या प्रत्येक भाकरीमागे तिचा श्वास खर्च झाला आहे. आधी खोकला आला. घरात त्याला 'पावसाळी' म्हणत. मग धाप आली. तिला 'वय' म्हणू लागले. आत्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत असे, त्या केव्हा थांबल्या हे मात्र कोणालाच नेमके सांगता येत नाही. गाणे गेले ते कोणाला कळले नाही. काम अडले तेव्हा कळले.

पुण्यास नेले, तेव्हा डॉक्टरांनी तपासून विचारले, "आजी, तुम्ही विडी ओढता का?" आत्या हसली. थांबत थांबत म्हणाली, "विडी नाही हो, चूल ओढली."

डॉक्टरांनी मग आम्हांला समजावून सांगितले. वर्षानुवर्षांच्या धुराने वायुकोशांमधल्या भिंती विरतात. दहा लहान खोल्यांचे एक मोठे कोठार होते. आत हवा पुष्कळ राहते, पण देवघेव करायला भिंतच उरत नाही, आणि विरलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. औषधाने वाट थोडी मोकळी होते, इतकेच. पुढची सहा वर्षे आत्या दोन शब्दांनंतर थांबून तिसरा शब्द बोलत असे. घरात गॅस आला होता. पण तो आला तेव्हा तिच्या छातीतला हिशेब मिटलेला होता.

आनंदीबाईंच्या वेळी कारण दिसले होते आणि उपाय हाती नव्हता. आत्याच्या वेळी उपाय हाताशी होता. कौलांत एक धुराडे, भिंतीत एक खिडकी, एवढेच काम. तेथे कारणच कोणाला दिसले नाही. कारण ते रोज दोन वेळा जेवणाच्या रूपाने पुढ्यात येत होते. गॅसची शेगडी आता खेडोपाडी पोचली आहे, हे खरे. तरीही सिलिंडर महाग पडतो म्हणून, अथवा भाकरीला चुलीचीच चव हवी म्हणून, पुष्कळ घरांत चूल अजून पेटते. आणि ती चव मागणारे सहसा ओसरीवर, मोकळ्या हवेत बसलेले असतात.

आमच्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत डांबरासारखी काळी झाली होती. दर दिवाळीला तिला चुना दिला जाई आणि चार दिवस ती लख्ख दिसे. चुलीपुढे बसणारीच्या आतल्या भिंतींना चुना देता येत नाही, एवढे जरी त्या चुन्याच्या बादलीकडे पाहून कोणाला सुचले असते, तरी धुराडे झाले असते.