वर्षाभू

मराठी माणसाला बेडूक दिसण्याआधी ऐकू येतो. आपल्या भाषेत तो 'डराव डराव' करतो, बैलाएवढा होण्यासाठी फुगतो, विहिरीत बसून जगाविषयी मते देतो. दंडावर त्याची बेडकुळी होते आणि घशात बेडका. व्याकरणाच्या तासाला तो 'मंडूकप्लुती' होऊन येतो: पाणिनीच्या एका सूत्रातले पद मधली सूत्रे ओलांडून थेट पुढच्या एखाद्या सूत्रात उडी घेते, त्याला हे नाव. (ही संज्ञा सांगताना वर्गात हमखास हसू फुटते आणि पुढची पाच मिनिटे विद्यार्थी जागे असतात.) पण इतक्या ठिकाणी वावरणाऱ्या या प्राण्याकडे आपण नीट पाहिले आहे का, अशी शंका मला येऊ लागली ती साताऱ्यातल्या घरामागच्या अडीच गुंठ्यांच्या बागेमुळे.

बागेत राहणारा बेडूक बहुधा बोलत नाही. अळूच्या वाफ्याशेजारी एक फुटकी कुंडी उपडी पडलेली आहे. तिच्याखाली गेली चार वर्षे एक जण राहतो. मातकट रंगाचा, अंगभर काळसर टोकांचे फोड, डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी. डाव्या मागच्या पायाला जुनी जखम असल्यामुळे तो ओळखू येतो. त्याला बेडूक म्हणावे, तर तळ्यातला गुळगुळीत, लांब उड्या मारणारा तोही बेडूकच. हा उडी मारतो ती टीचभर, एरवी चालतो. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला 'भेक' म्हणतात, पण तो शब्द पुस्तकाबाहेर आलेला मी ऐकलेला नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी याला हात लावू देत नाहीत, चामखीळ उठतो म्हणतात. चामखीळ उठत नाही. मात्र त्या ग्रंथींत विष असते आणि त्याला तोंडात धरणारे कुत्रे फेस गाळीत पळते, हे खरे.

त्याची शिकार पाहण्यासारखी असते. तो किड्यामागे धावत नाही. रात्री ओट्यावरच्या दिव्याखाली येऊन बसतो. मृगाच्या पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंख फुटलेले किडे दिव्याभोवती गर्दी करून खाली पडतात, तेव्हा त्याची पंगत चालते. त्याची जीभ पुढच्या टोकाला जोडलेली असल्यामुळे ती उलगडून बाहेर फेकली जाते, आणि घास गिळताना डोळे मिटतात. हे समाधानाचे मिटणे नव्हे. डोळ्यांचे गोलच आत ओढले जाऊन घास खाली ढकलायला मदत करतात. पाणी तो तोंडाने पीत नाही, ओल्या मातीला पोट चिकटवून बसतो आणि त्वचेतून घेतो. हे कळल्यापासून वांग्यांवर औषध मारणे मी सोडले, कारण मातीत पडलेले त्याच वाटेने त्याच्या अंगात जाणार. पालकावरच्या लहान गोगलगायींचा आणि मुंग्यांचा हिशेब तो पाहतो. मोठ्या शंखी गोगलगायी त्याच्या आवाक्याबाहेरच्या. त्या मी हाताने वेचते.

बागेबाहेरही हा हिशेब मोठा आहे. भाताच्या खाचरातला मोठा बेडूक, ज्याचा नर पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळा होतो, एके काळी टनांनी मारून परदेशी पाठवला जाई. 1987 साली भारताने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली, त्यामागे शेतातल्या किडींचा विचारही होता.

हे सारे पाहत असताना ऋग्वेदातले मंडूकसूक्त मी पुन्हा वाचले. सातव्या मंडलातले हे 103वे सूक्त ब्राह्मणांचा उपहास आहे की पर्जन्यासाठीचा मंत्र, हा वाद आपण परीक्षेत विचारतो आणि पुढे जातो. मला आता त्यातला वाद कमी दिसतो, पाहणे जास्त. कोरड्या तळ्यात पडलेल्या बेडकाला तो कवी वाळलेल्या कातडी पखालीची उपमा देतो. वैशाखात आमची कुंडी उचलली की नेमकी तीच पखाल दिसते: सुरकुतलेली, मातीला चिकटलेली. एकाचा आवाज गाईसारखा, दुसऱ्याचा बकरीसारखा, एक ठिपक्यांचा, एक हिरवा, असे तो वेगवेगळे मोजतो आणि म्हणतो की रूपे निराळी असून नाव मात्र सर्वांचे एक. आपल्या मराठीची अडचण त्याने आधीच पाहून ठेवली होती म्हणायची. अमरकोशातले 'वर्षाभू' हे नाव सुंदर खरे, पण त्यामुळे बेडूक पावसात जन्मतो आणि पावसाबरोबर संपतो असे वाटते. उरलेले आठ महिने तो कुठे असतो, हे माळ्याला विचारावे.

हे सांगण्याचे निमित्त वेगळेच आहे. आमच्या मागचा मोकळा प्लॉट दोन वर्षांपूर्वी मुरूम टाकून भरला. तिथे पावसाचे डबके साचे आणि बागेतले सगळे मौनी तिथे जाऊन रात्रभर गळे काढीत. ते बुजले. त्याच सुमारास शेजारच्या काकांनी दोन्ही अंगणांत पेव्हर ब्लॉक बसवण्याचा प्रस्ताव मांडला. "मॅडम, निम्मा खर्च तुमचा. चिखल नाही, बेडूक नाही, आणि बेडूक नाही म्हणजे साप नाही." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बेडकांमागे धामण येते, मी स्वतः पाहिली आहे. घरात पंचाहत्तरीची आई आहे आणि पहाटे फुले तोडायला तीच जाते. धामण बिनविषारी असते, हे तिला सांगून उपयोग नव्हता. अंधारात ती धामण आहे हे ओळखायचे कोणी?

शेवटी काकांनी त्यांचे अंगण बसवून घेतले, मी माझे ठेवले. पायऱ्यांजवळचे गवती चहाचे बेट काढून टाकले, मागच्या दाराशी विजेरी टांगली, आणि फुले उजाडल्यावर तोडायची असे आईकडून कबूल करून घेतले. बागेच्या कोपऱ्यात सिमेंटचा उथळ हौद केला. उभ्या भिंती चढून पिल्लांना बाहेर येता येत नाही, म्हणून एका बाजूला दगडांचा उतार रचला.

पहिल्या पावसाळ्यात कोणी आले नाही. गेल्या जूनमध्ये दुसऱ्या सरीच्या रात्री हौदातून तो लांबलचक, कुरकुरणारा आवाज आला. आई उठून बसली आणि म्हणाली, "ते बघ, तुझे विद्यार्थी." सकाळी कर्दळीच्या मुळांभोवती अंड्यांच्या माळा गुंडाळलेल्या होत्या, काळ्या मण्यांच्या पोतीसारख्या. सव्वा महिन्याने बोटाच्या पेराएवढेही नसलेले भेक दगडांवरून वर येऊ लागले. निम्मे अळूकडे गेले. निम्मे काकांच्या ब्लॉकवर निघाले, आणि आई सुपलीने त्यांना उचलून पुन्हा अळूत सोडत होती.