डोळा कुठे वळत नाही?

वाशीम, रिसोड किंवा मानोऱ्याच्या ओपीडीत लाल, सुजलेला डोळा घेऊन आलेला माणूस ‘डोळा आला’ एवढंच सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. थेंब दिले की काम भागतं. पण त्या गर्दीत क्वचित एखादा डोळा असा असतो, की दुखणं त्याच्या मागे, कवटीच्या तळाशी असतं. पियूष ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना अशुद्ध रक्ताचा एकेक कप्पा आहे, कॅव्हर्नस सायनस. त्यातून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी जाते, तिला खेटून मेंदूतून निघणारी सहावी नस. बाहेरच्या भिंतीत तिसरी, चौथी आणि पाचवीच्या दोन शाखा, कपाळाची आणि गालाची. इतक्या दाटीत बिघाड झाला तर तो एकट्या डोळ्याचा राहत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की आमच्यासारख्या जिल्ह्यात या कप्प्यातल्या बिघाडाचं निदान डोळा किती लाल आहे यावर नव्हे, तो कुठे वळत नाही यावर उभं राहतं. आणि ते पाहायला बोट, टॉर्च आणि कापसाची वात पुरते.

बोटामागे डोळा फिरवायला सांगितला आणि तो बाहेरच्या बाजूला गेला नाही, तर संशय सहाव्या नसेवर, कारण भिंतीचा आधार नसलेली ती एकटीच. पापणी पडली आणि बाहुली मोठी झाली, तर तिसरी. कपाळ आणि गाल बधिर, पण हनुवटीची जाणीव शाबूत, म्हणजे बिघाड याच कप्प्याच्या आसपास. नजरही गेली असेल तर रोग डोळ्याच्या खोबणीच्या टोकाशी पोचलेला असू शकतो. नाकाजवळचं केसतोड फोडल्यावर ताप, डोकेदुखी आणि एका डोळ्याची सूज आली, आणि मग दुसराही डोळा सुजू लागला, तर या कप्प्यात रक्ताची गुठळी झाल्याचा विचार त्याच क्षणी करावा. चेहऱ्यावरचं रक्त उलटं आत जाऊ शकतं आणि दोन्ही कप्पे एकमेकांना जोडलेले असतात. प्रतिजैविकं येण्यापूर्वी यातून वाचणारा विरळा होता. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्याचा डोळा काही दिवसांनी पुढे आला, ठोक्याबरोबर हलू लागला, तर मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवावा. घरघर ऐकू आली तर धमनीचं रक्त थेट त्या कप्प्यात शिरतंय. ही तपासणी फुकट आहे, तरी किती कमी होते!

आक्षेप असा येतो, की आता एमआरआय आहे, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो, नागपूर जवळ आलं. मग बोटं फिरवत कशाला बसायचं? पण एमआरआय कोणाचा, कुठल्या भागाचा आणि किती घाईने करायचा, हे ठरवणारी चिठ्ठी इथूनच लिहिली जाते. ‘डोकेदुखी, डोळ्याला सूज’ एवढंच लिहिलं तर तो रुग्ण रांगेतला आणखी एक ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: डोळा अडकेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो. हे 2021 ने दाखवलंच. कोविडनंतर म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला, मे महिन्यात केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली आणायला सांगितलं, त्यावरच्या अॅम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईकांची धावाधाव झाली. त्या बुरशीची वाट नाकातून, नाकाभोवतीच्या सायनसमधून वर जाते. गालाची बधिरता, नाकातली काळी खपली, हलणारे दात हे डोळ्याच्या आधीचे इशारे असू शकतात. आक्षेप मान्य, पण त्याने तपासणी सुटत नाही, ती आणखी आधी सुरू करावी लागते. साखर वाढलेल्या माणसाचा गाल बधिर असेल तर डोळा अडकण्याची वाट पाहू नये.

स्टेरॉइडची घाईही इथेच नडते. डोळ्यामागे दुखतं आणि डोळा वळत नाही, असा एक आजार तोलोसाने 1954 मध्ये आणि हंटने 1961 मध्ये वर्णन केला. स्टेरॉइडने तो थोड्याच दिवसांत उतरतो. पण लिम्फोमा हा कर्करोगही त्याच औषधाने तात्पुरता दबतो, आणि बुरशीला तर ते खतपाणी. गुण आला म्हणजे निदान बरोबर, असं इथे धरता येत नाही.

गर्दीचा मुद्दा उरतो, तो खोटा नाही. सोयाबीनच्या हंगामात दुखणं अंगावर काढून उशिरा येणारे बरेच असतात आणि रांग संपत नाही. पण हा सगळा खटाटोप प्रत्येक लाल डोळ्यासाठी नाही. ताप, मधुमेह, डोक्याला मार, दोन-दोन दिसणं किंवा खोल दुखणं यांपैकी काही असेल तरच. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर कोणता डोळा, कोणत्या दिशेला आणि किती वाजल्यापासून वळत नाही, कपाळ-गालाची जाणीव, बाहुली, नजर आणि साखर एवढं लिहावं. रुग्ण थांबवून ठेवला असेल, तर काही तासांनी दोन्ही डोळे पुन्हा तपासून त्याखाली वेळ टाकावी.